मिटलेली वर्षे: सहकारी संस्थांची प्राप्तिकर आकारणी आणि तिला पुन्हा हात लावण्याच्या मर्यादा

प्राप्तिकराच्या व्यवस्थेत प्रत्येक वर्षाचा हिशेब स्वतंत्र मानला जातो, आणि त्यामुळे एखाद्या वर्षाची आकारणी कोणत्या टप्प्यावर कायमची मिटली असे समजायचे, हा प्रश्न त्या व्यवस्थेइतकाच जुना आहे. तो सर्वच करदात्यांना लागू असला तरी सहकारी संस्थेला अधिक झोंबतो, आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. कंपनीचा भागधारक आपला भाग बाजारभावाने विकून बाहेर पडतो, तेव्हा मागे साठलेल्या नफ्याचा मोबदला त्याला त्या भावातच मिळतो. सहकारी संस्थेचा सभासद मात्र साधारणपणे भागाची दर्शनी किंमत घेऊन जातो, आणि खर्च वजा जाता उरलेला वाढावा त्या त्या वर्षीच मालाचा भाव, सूट किंवा लाभांश या रूपाने वाटला गेलेला असतो. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमानुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे. अशा संस्थेकडे दहा वर्षांपूर्वीच्या कराची मागणी आली, तर त्या वर्षीचा भाव घेऊन गेलेल्या सभासदाकडून ती वसूल करण्याचा मार्ग नसतो, आणि तिचा भार आज ऊस घालणाऱ्या किंवा आज ठेव ठेवणाऱ्या सभासदावर पडतो. म्हणून जुन्या आकारणीला हात लावण्यावरील मर्यादांचा इतिहास हा सहकाराच्याही इतिहासाचा भाग ठरतो, जरी सहकारावरील ग्रंथांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

आरंभी हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नव्हता. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने आणि त्यानंतर १९१२ च्या व्यापक सहकारी संस्था कायद्याने सरकारला अधिसूचना काढून सहकारी संस्थांच्या नफ्यावरील प्राप्तिकर माफ करण्याचा अधिकार दिला होता. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी ज्या संस्था सरकारी प्रोत्साहनाने उभ्या राहत होत्या, त्यांच्याच तुटपुंज्या वाढाव्यावर कर बसवणे विसंगत होते. २५ ऑगस्ट १९२५ च्या अधिसूचनेने ही सवलत देशभरासाठी नीट शब्दबद्ध केली, आणि तिच्यात एक लक्षणीय अपवादही नोंदवला: मुंबई इलाख्यातील सानिकट्टा येथील मिठागर मालकांच्या संस्थेला ही माफी मिळणार नव्हती. गोकर्णजवळच्या या एका संस्थेचे नाव संपूर्ण देशाच्या अधिसूचनेत येते, यावरून कोणती संस्था खरोखर सहकारी आणि कोणती केवळ नोंदणीपुरती, ही शंका सरकारच्या मनात तेव्हापासूनच होती असे अनुमान काढता येते. त्याच अधिसूचनेच्या स्पष्टीकरणाने कर्जरोख्यांवरील व्याज, घरभाडे, लाभांश आणि 'इतर मार्गांनी' आलेले उत्पन्न माफीबाहेर ठेवले. व्यवसायाचे उत्पन्न कोणते आणि इतर मार्गांचे कोणते, हा पुढे शतकभर चाललेला वाद या चार ओळींत आधीच पेरलेला होता; बिहार राज्य सहकारी बँकेने इम्पीरियल बँकेत ठेवलेल्या ठेवींवरील व्याज हे बँकेच्या व्यवसायाचेच उत्पन्न होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ठरवले, तेव्हाही अर्थ लावायचा होता तो १९२५ च्या शब्दांचाच.

१९५५ च्या वित्त कायद्याने ही सवलत अधिसूचनेतून उचलून थेट १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात आणली. १९६१ च्या कायद्यात ती कलम ८१ म्हणून राहिली आणि १ एप्रिल १९६८ पासून कलम ८०पी म्हणून नव्या रूपात आली. या स्थलांतरात सवलतीचे स्वरूप बदलले. सरसकट माफीच्या जागी 'वजावट' आली, म्हणजे उत्पन्न आधी मोजायचे आणि मग कायद्यात नमूद केलेल्या कामांपुरते ते वजा करायचे. सभासदांना कर्ज पुरवणे, सभासदांच्या शेतमालाची विक्री करणे, बी-बियाणे व अवजारे पुरवणे, कुटिरोद्योग चालवणे अशी कामे पूर्ण वजावटीला पात्र ठरली, तर इतर कामांच्या उत्पन्नाला ठरावीक रकमेपुरतीच सूट मिळाली. प्रत्येक शब्दावर मतभेद होऊ शकतो अशी ही रचना असल्यामुळे, एका अधिकाऱ्याने मान्य केलेली वजावट दुसऱ्याला चुकीची वाटणे स्वाभाविक झाले, आणि मग मान्य झालेले कितपत मोडता येते हा प्रश्न पुढे आला.

झालेली आकारणी बदलण्याचे तीन मार्ग कायद्याने अधिकाऱ्यांना दिलेले होते. पहिला चूकदुरुस्तीचा, जो १९२२ च्या कायद्यात कलम ३५ आणि १९६१ च्या कायद्यात कलम १५४ मध्ये होता; दुसरा फेरआकारणीचा, म्हणजे कर चुकलेले उत्पन्न शोधून आकारणी नव्याने उघडण्याचा, जो पूर्वी कलम ३४ आणि नंतर कलम १४७ व १४८ मध्ये आला; आणि तिसरा पुनरीक्षणाचा, ज्यात आयुक्त हाताखालच्या अधिकाऱ्याचा आदेश सरकारी महसुलाला बाधक म्हणून स्वतः बदलतो, आणि जो १९४८ मध्ये कलम ३३बी म्हणून आला व पुढे कलम २६३ झाला. पहिल्या दोन मार्गांना १९२२ मध्ये केवळ एका वर्षाची मुदत होती. १९३९ मध्ये चूकदुरुस्तीची मुदत चार वर्षे झाली आणि ती आजवर साधारण तशीच टिकली. फेरआकारणीची मुदत मात्र सरकारच्या गरजेप्रमाणे चार, आठ, दहा, सोळा वर्षे अशी ताणली आणि आवळली गेली. २०२१ मध्ये ती सामान्यतः तीन वर्षे आणि ५० लाख रुपयांवरील दडलेल्या उत्पन्नासाठी दहा वर्षे झाली, आणि २०२४ मध्ये कमाल पाच वर्षे तीन महिन्यांवर आणली गेली.

या अधिकारांना आकार दिला तो न्यायालयांनी, आणि त्यातील पायाभूत खटले मुंबईत उगम पावले. बॉम्बे डाइंग कंपनीला १९५२-५३ च्या आकारणीत आगाऊ भरलेल्या करावर व्याज मिळाले होते, आणि आदेश निघाला त्या दिवशी तो कायद्याला धरूनच होता. १९५३ च्या दुरुस्तीने ते व्याज कमी केले आणि ही दुरुस्ती १ एप्रिल १९५२ पासून लागू समजावी असे म्हटले. अधिकाऱ्याने लगेच जुना आदेश 'चूक' ठरवून दुरुस्त केला. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, पण १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर हे मूळचे साताऱ्याचे आणि मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेले. कायदा पूर्वलक्षी असेल, म्हणजे मागील तारखेपासून अमलात आलेला असेल, तर तो त्या तारखेला अस्तित्वात होता असेच मानले पाहिजे, आणि मग त्याच्याशी विसंगत आदेशात उघड चूक आहे हेही मानावे लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो तर्कशुद्ध आहे यात शंका नाही. पण त्यामुळे संसदेच्या हाती असे साधन आले की ज्यामुळे कोणतीही बरोबर आकारणी पुढे केव्हाही चुकीची ठरू शकते, आणि त्याची झळ चार दशकांनी सहकारी संस्थांना पोहोचली.

दुसरा खटला व्होल्कार्ट ब्रदर्स या मुंबईत व्यवहार करणाऱ्या स्विस पेढीचा. तिच्या आकारणीत कराचा दर चुकला असे अधिकाऱ्याला नंतर वाटले आणि त्याने कलम १५४ खाली दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याच्या तरतुदीचा अर्थ तपशिलात तपासून दुरुस्ती रद्द केली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे कायम ठेवताना प्रश्न वेगळ्या पातळीवर नेला: तरतुदीचा खरा अर्थ कोणता याचा निर्णय करण्याची गरजच नाही, कारण ज्या मुद्द्यावर दोन मते संभवतात आणि लांबलचक युक्तिवादाशिवाय ज्याचा उलगडा होत नाही, तो 'अभिलेखावरून उघड दिसणारी चूक' असूच शकत नाही. बेरजेची चूक, चुकीच्या वर्षाचा दर, मान्य केलेली वजावट मोजायची राहून जाणे, अशा गोष्टी या कलमात बसतात; कायद्याच्या अर्थाविषयीचा प्रामाणिक मतभेद बसत नाही. सहकारी संस्थांच्या वकिलांनी गेल्या अर्धशतकात हा निकाल जितक्या वेळा पुढे केला असेल तितका क्वचितच दुसरा कोणता केला असेल, कारण कलम ८०पी मध्ये मतभेदाला जागा नाही असा शब्द सापडणे कठीण आहे.

तिसरा खटला या दोहोंच्या मध्ये, १९६४ साली, निकालात निघाला आणि त्याचे महत्त्व बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. प्राप्तिकर अधिकारी गाडगीळ आणि लाल अँड कंपनी यांच्यातील वादात १९५४-५५ या वर्षासाठी नोटीस काढण्याची मुदत ३१ मार्च १९५६ ला संपली होती, आणि दुसऱ्याच दिवसापासून, १ एप्रिल १९५६ पासून, कायद्याने ती एका वर्षाने वाढवली. अधिकाऱ्याने वाढीव मुदतीत, मार्च १९५७ मध्ये, नोटीस काढली. सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. सरकारचा अधिकार ज्या दिवशी मुदतीअभावी संपला त्या दिवशी तो खरोखर संपला. नंतरचा कायदा स्पष्ट शब्दांत किंवा अटळ अर्थाने तसे म्हणत नसेल, तर तो संपलेल्या अधिकारात पुन्हा जीव ओततो असे समजता येत नाही. सारा वाद मुदत संपण्याच्या आणि वाढण्याच्या मधल्या एका मध्यरात्रीभोवती फिरत होता, आणि ती मध्यरात्र करदात्याच्या बाजूने मोजली गेली.

बॉम्बे डाइंगचा पूर्वलक्षी कायद्याचा नियम आणि गाडगीळ खटल्यातील मुदतीचा नियम यांची खरी गाठ सहकारी पणन संघांच्या बाबतीत पडली. शेतमालाच्या सहकारी विक्रीची रचना मजल्यामजल्यांची असते. गावातील शेतकरी प्राथमिक संस्थेचे सभासद, प्राथमिक संस्था जिल्हा किंवा राज्य संघाच्या सभासद, आणि राज्य संघ हे २ ऑक्टोबर १९५८ ला स्थापन झालेल्या नाफेड या राष्ट्रीय महासंघाचे सभासद असतात. कलम ८०पी ने 'सभासदांच्या शेतमालाच्या विक्रीतून' मिळालेल्या उत्पन्नाला पूर्ण वजावट दिली होती. प्राथमिक संस्थेबाबत काही अडचण नव्हती. पण शिखर संस्थेचे सभासद स्वतः संस्थाच असतात, त्या काही नांगर धरत नाहीत. मग त्यांच्याकडून आलेला माल हा 'सभासदांचा' म्हणायचा की नाही? आसाम सहकारी शिखर पणन संस्थेच्या खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की सभासदाने स्वतः पिकवलेला माल तेवढाच या सवलतीत येतो. केरळ राज्य सहकारी पणन महासंघाच्या खटल्यात १९९८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते उत्तर फिरवले आणि सभासदाच्या मालकीचा माल, मग तो पिकवला कोणीही असो, सवलतीस पात्र आहे असे सांगितले. शेतकऱ्याचा माल गावापासून देशपातळीपर्यंत सहकाराच्याच हातून जावा हा ज्या सवलतीचा हेतू, तिचा लाभ पहिल्या पायरीवरच थांबवणे हे त्या हेतूशी जुळत नव्हते, आणि म्हणून १९९८ चा निर्णय अधिक न्याय्य होता असेच म्हटले पाहिजे.

सरकारने तो फार काळ टिकू दिला नाही. जानेवारी १९९९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्ती कायद्याने मूळ शब्दांच्या जागी 'सभासदांनी पिकवलेल्या शेतमालाची विक्री' असे शब्द घातले, आणि ते १ एप्रिल १९६८ पासूनच तेथे होते असे मानावे असे फर्मावले. म्हणजे तीस वर्षे मागे. नाफेडने या दुरुस्तीला आव्हान दिले. इतक्या वर्षांचा कर एकाएकी देणे लागते झाल्यास संस्था कोलमडतील, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायद्याने पुसून टाकणे ही न्यायपालिकेच्या क्षेत्रातील घुसखोरी आहे, असा तिचा रोख होता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली: संसद न्यायालयाचा निकाल रद्द करत नाही, ती निकालाचा पाया असलेला शब्द बदलते, आणि तसे मागील तारखेपासून करण्याची सत्ता तिला आहे. पूर्वलक्षी काळ किती लांब आहे एवढ्यावरून कायदा अवैध होत नाही.

मात्र त्याच निकालात गाडगीळ खटला पुन्हा पुढे आला, आणि नाफेडच्या निकालाचा हा भाग अधिक लक्षपूर्वक वाचला जायला हवा होता. दुरुस्तीने शब्द तीस वर्षे मागे नेले, पण आकारणी उघडण्याच्या मुदतीला तिने हात लावला नव्हता. तेव्हा ज्या वर्षांची मुदत आधीच संपली होती ती वर्षे उघडण्याचा अधिकार या कायद्यातून अधिकाऱ्यांना मिळत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. यातून निघणारी स्थिती मोठी विलक्षण होती. कायद्याच्या दृष्टीने १९७० सालची शिखर संस्थेची वजावट आता चुकीची होती, सुरुवातीपासून चुकीची होती, आणि तरीही ती कायम राहणार होती. अपिलात अडकलेल्या किंवा मुदतीत असलेल्या वर्षांवर मात्र नवा शब्द पूर्ण जोराने लागू झाला. परिणामी ज्या संस्थांचे दावे शांतपणे मान्य झाले होते त्या बचावल्या, आणि ज्यांनी हक्कासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडा दिला त्यांची वर्षे उघडी राहिल्याने त्याच सापडल्या. मुदतीच्या नियमाने स्थैर्य दिले हे खरे, पण त्या स्थैर्याचे वाटप न्याय्य झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पतसंस्थांच्या बाबतीत संघर्षाचे रूप वेगळे होते. येथे संसदेने फारसे मागे पाहिले नाही. अधिकाऱ्यांनी प्रत्येक नव्या निकालाचा आधार घेऊन मागची वर्षे चाळली. कर्नाटकातील शिरसी येथील सुपारी बागायतदारांच्या तोटगार्स सहकारी विक्री संस्थेने, सभासदांना द्यायची विक्रीची रक्कम काही काळ हाताशी असताना ती अल्पमुदतीच्या ठेवींत गुंतवली होती. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ठेवींवरील व्याज 'इतर मार्गांचे' उत्पन्न ठरवून वजावट नाकारली. (सानिकट्टा आणि शिरसी आज एकाच उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत, आणि १९२५ च्या अधिसूचनेचा या जिल्ह्याशी दोनदा संबंध आला असे म्हणता येईल.) या निकालाच्या आधारे महाराष्ट्र आणि कर्नाटकातील अनेक पतसंस्थांच्या पूर्ण झालेल्या आकारण्या आयुक्तांनी कलम २६३ खाली पुनरीक्षणाला घेतल्या. पुनरीक्षणाची मर्यादा मलबार इंडस्ट्रियल कंपनीच्या खटल्यात २००० साली ठरलेली होती: आदेश चुकीचा असणे आणि महसुलाला बाधक असणे या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि दोन संभाव्य मतांपैकी एक अधिकाऱ्याने स्वीकारले म्हणून आयुक्ताला तो आदेश मोडता येत नाही. फेरआकारणीबाबतही असाच बांध होता. लेखापरीक्षकाने कायद्याच्या अर्थाविषयी दिलेले मत ही फेरआकारणीला पुरेशी 'माहिती' नव्हे, हे १९७९ मध्ये ठरले. आणि २०१० मध्ये केल्विनेटर कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती कपाडिया यांनी सांगितले की फेरआकारणीचा अधिकार हा फेरविचाराचा अधिकार नाही, आणि हाती नवे काही आलेले नसताना केवळ मत बदलले म्हणून जुने वर्ष उघडता येत नाही.

२००६ च्या वित्त कायद्याने सहकारी बँकांची वजावट काढून घेतली तेव्हा, पतसंस्था ही बँक आहे काय, असा नवा वाद उभा राहिला. गोव्यातील केपे येथील नागरी सहकारी पतसंस्थेच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिचे उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे मंजूर नियम, आणि तिचे प्रत्यक्ष काम तपासून ती बँक नसल्याचे ठरवले. केरळात मात्र हाच वाद चूकदुरुस्तीच्या अधिकाराची परीक्षा पाहणारा ठरला. तेथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये चिरक्कल सेवा सहकारी बँकेच्या खटल्यात म्हटले की निबंधकाने संस्थेला प्राथमिक कृषी पतसंस्था म्हणून नोंदले असेल तर वजावटीसाठी तेवढे पुरे, आणि त्यानुसार अपील आयुक्तांनी अनेक संस्थांच्या वजावटी मान्य केल्या. २०१९ मध्ये माविलायी सेवा सहकारी बँकेच्या खटल्यात पूर्णपीठाने ते मत बदलले आणि प्रत्येक वर्षी संस्थेच्या खऱ्या व्यवहाराची चौकशी आवश्यक ठरवली. त्यानंतर मान्य झालेल्या वजावटी कलम १५४ खाली 'उघड चूक' म्हणून मागे घेतल्या गेल्या. न्यायालयाचा नंतरचा निकाल हा कायदा पहिल्यापासून तसाच होता असे सांगत असतो, म्हणून त्याच्याशी विसंगत जुना आदेश दुरुस्त करता येतो, या २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या भूमिकेचा तेथे आधार घेता येत होता. परंतु १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्णपीठाचा निकालच रद्द केला, आणि कलम ८०पी हे सहकाराच्या वाढीसाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे असे बजावले. २०१९ मध्ये जी चूक कागदावर उघड दिसते असे म्हटले गेले, ती दोन वर्षांत चूकच नव्हती असे निघाले. व्होल्कार्टच्या निकालात 'दोन मते' या शब्दांवर एवढा भर का होता, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला सापडणार नाही.

महाराष्ट्रापुरता या इतिहासाचा सर्वांत मोठा अध्याय साखर कारखान्यांचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याने गाळप सुरू केले, तेव्हापासून सहकारी कारखान्याचे अर्थशास्त्र एका सूत्रावर चालत आले: साखर आणि उपपदार्थ विकून जे येईल त्यातून खर्च भागवून उरलेले उसाच्या दराने शेतकऱ्याला द्यायचे. पहिली उचल ऊस गेल्यावर, पुढचे हप्ते साखर विकली जाईल तसे, आणि अंतिम दर हंगाम संपून ताळेबंद लागल्यावर, असा क्रम असे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने केंद्राचा किमान दर ठरत असे. १९७४ मध्ये त्यात घातलेल्या खंड ५ए ने साखरेच्या विक्रीतून मिळालेल्या जादा प्राप्तीत उत्पादकाला वाटा देणारा अतिरिक्त दर आणला, आणि २००९ मध्ये किफायतशीर दराची, म्हणजे एफआरपीची, पद्धत येईपर्यंत तो राहिला. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या मान्यतेने ठरणारा अंतिम दर किमान दरापेक्षा बराच वर असे.

प्राप्तिकर खात्याने या वरच्या रकमेवर बोट ठेवले. ऊस विकणारा आणि कारखान्याचा मालक एकच आहे, दर ताळेबंद पाहून ठरतो, तेव्हा किमान दरावरची रक्कम ही खरेदीची किंमत नसून नफ्याची वाटणी आहे, आणि नफ्याच्या वाटणीची वजावट मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. कारखान्यांचे उत्तर असे की हाच दर बिगरसभासदालाही दिला जातो, आणि जो मालक नाही त्याला नफ्याचा वाटा कोणी देत नाही. वर्षानुवर्षे आकारण्या वादात राहिल्या, काही जुन्या आकारण्या उघडल्या गेल्या, आणि ज्या कारखान्यांनी ते पैसे केव्हाच उसाच्या बिलात देऊन टाकले होते त्यांच्यावर थकबाकीचे आकडे चढत गेले. शहादा तालुक्यातील सातपुडा तापी परिसर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महाराष्ट्रातील दर ठरवण्याची पद्धत पाहून निर्णय करावा म्हणून प्रकरण परत पाठवले. तासगाव तालुका कारखान्याच्या खटल्यात ५ मार्च २०१९ ला त्याने सांगितले की संपूर्ण फरक नफ्याची वाटणी नाही, त्यातील नफ्याचा अंश तेवढा वेगळा काढावा, आणि त्यासाठी प्रकरणे पुन्हा आकारणी अधिकाऱ्यांकडे गेली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या हंगामांचे ताळेबंद उकलून दरातील नफ्याचा अंश शोधणे हे काम कागदावर सोपे दिसते. तपासनीस आणि कारखाना या दोघांच्याही दृष्टीने ते जवळजवळ अशक्य होते.

यावर उपाय शेवटी कायद्यातून आला, आणि तो टप्प्याटप्प्याने आला. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतचा ऊस खरेदीचा खर्च सहकारी कारखान्यांना वजा मिळेल असे कलम घातले, पण ते केवळ पुढील वर्षांसाठी होते. केंद्रात जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय झाल्यावर, ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने राज्य सरकारांनी ठरवलेला दरही या 'मान्य दरात' येतो असे स्पष्ट केले. मागची वर्षे तरीही तशीच लटकत होती. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्यांच्यासाठी सवलत जाहीर केली आणि तिचे मूल्य सुमारे १०,००० कोटी रुपये सांगितले. कलम १५५ मध्ये त्यासाठी पोटकलम १९ आले. १ एप्रिल २०१४ किंवा त्यापूर्वी सुरू झालेल्या कोणत्याही वर्षात ऊस खरेदीची वजावट नाकारली गेली असेल, तर कारखान्याने अर्ज केल्यावर अधिकाऱ्याने त्या वर्षाचे उत्पन्न नव्याने मोजायचे आणि सरकारमान्य दरापर्यंतचा खर्च वजा द्यायचा.

यातील मुदतीची मांडणी संपूर्ण इतिहासाच्या प्रकाशात वाचण्याजोगी आहे. कलम १५४ ची चार वर्षांची मुदत संसदेने रद्द केली नाही; ती चार वर्षे कोठून मोजायची एवढेच बदलले, आणि १ एप्रिल २०२२ ला सुरू झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून ती मोजावीत असे म्हटले. म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत, कितीही जुने वर्ष असले तरी, हा दरवाजा खुला राहतो. १९९९ मध्ये संसदेने शब्द तीस वर्षे मागे नेले पण मुदतीला स्पर्श केला नाही, त्यामुळे मिटलेली वर्षे मिटलेलीच राहिली. २०२३ मध्ये तिने मुदतच हलवली आणि मिटलेली वर्षे उघडली, ती या वेळी संस्थांच्या बाजूने. गाडगीळ खटल्याने ज्या स्पष्ट शब्दांची अट घातली होती ते स्पष्ट शब्द येथे वापरले गेले. पुढाकार अधिकाऱ्याकडे न ठेवता अर्जदार कारखान्याकडे ठेवला, ही या तरतुदीची सर्वांत शहाणी बाजू आहे, कारण त्यामुळे सवलतीच्या निमित्ताने इतर नोंदी नव्याने तपासण्याचे निमंत्रण अधिकाऱ्याला मिळत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने या अर्जांची कार्यपद्धती परिपत्रकाने ठरवून दिली. आणि राज्याच्या कायद्याखालील लेखापरीक्षणाला उशीर झाल्यामुळे ज्या सहकारी संस्थांची विवरणपत्रे उशिरा गेली व वजावट बुडाली, त्यांचा २०१८-१९ ते २०२२-२३ या आकारणी वर्षांचा विलंब माफ करण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांना दुसऱ्या परिपत्रकाने दिला.

नव्या पोटकलमाची व्याप्ती मात्र उसाच्या दरापुरतीच आहे. सरकारमान्य दराच्या वर दिलेली रक्कम त्यात येत नाही, खासगी कारखाने येत नाहीत, आणि सभासदांना सवलतीच्या दराने दिल्या जाणाऱ्या साखरेचा वादही येत नाही. कऱ्हाड तालुक्यातील कृष्णा कारखान्याच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाद अपील आयुक्तांकडे परत पाठवताना, अशी साखर देणे ही सहकारी साखर उद्योगाची रूढ प्रथा आहे काय, राज्य सरकारचा तिला पाठिंबा देणारा ठराव आहे काय, आणि दिवाळीखेरीज दर महिन्याला सभासदाला किती साखर द्यायची हे कोणत्या आधारावर ठरते, हे प्रश्न तपासायला सांगितले होते. त्या साखरेच्या भावातील फरकाची वर्षे अजूनही जुन्याच नियमांनी, म्हणजे उघड चूक, बदललेले मत आणि संपलेली मुदत यांच्या कसोट्यांवर, एकेका कारखान्यापुरती निकालात निघतात.